वर्गणी, सुपारी आणि हलगी

फाल्गुन सरत आला की शिरूरच्या एसटी स्टँडबाहेर चहाच्या टपऱ्यांवर यात्रांच्या पत्रिका लटकायला लागतात. पिवळा नाहीतर गुलाबी कागद, वर ग्रामदैवताचं चित्र, खाली देणगीदारांची यादी आणि मध्ये कार्यक्रम. पहाटे अभिषेक, सकाळी मांडव-डहाळे, मग हारतुरे, शेरणीवाटप, बैलगाड्यांच्या शर्यती, रात्री छबिना, शोभेचं दारूकाम आणि त्यानंतर लोकनाट्य तमाशा. दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशाच्या हजेऱ्या, दुपारी कुस्त्यांचा आखाडा. घोड आणि भीमेच्या काठच्या गावांत ही पत्रिका थोड्याफार फरकानं अशीच असते.

बाहेरच्या माणसाला ती करमणुकीची जंत्री वाटेल. मी तिच्याकडं कामाच्या वाटपाचा कागद म्हणून बघतो. मांडवाला डहाळ्या कुणी आणायच्या, पालखीला पहिला खांदा कुणाचा, पुढं वाजवणार कोण, वर्गणी घरटी किती आणि तमाशाची सुपारी द्यायला कोण जाणार, हे सगळं त्या कागदामागं ठरलेलं असतं. गाव आपली संस्कृती साजरी करतं म्हणजे नेमकं काय करतं, हे समजून घ्यायचं तर या वाटपाकडं बघावं लागतं. सोहळ्याला कलावंत लागतो आणि कलावंताला पोट असतं, एवढं धरून मी पुढचं लिहितोय.

मी शिरूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवतो. आजोळ दौंड तालुक्यातलं. यात्रांच्या हंगामात सुट्टीच्या दिवशी हलगी वाजवतो.

हलगी आणि बोलका ढोल

हलगी दिसायला साधी. गोल कडं आणि एका तोंडाला ताणून बसवलेलं बकऱ्याचं कातडं. गारठ्यानं कातडं सैल पडतं, आवाज बसतो, म्हणून वाजवायच्या आधी ती शेकावी लागते. आमचा उसाचा पट्टा, त्यामुळं पाचटाला तोटा नाही. मूठभर पाचट पेटवायचं आणि जाळावर हलगी फिरवत राहायचं. एका जागी धरली तर कातडं करपतं, घाई केली तर पालखी निघेपर्यंत पुन्हा उतरतं. मधूनमधून बोटानं टिचकी मारून बघायची. आवाज कानात टोचला की ती तयार. मग डाव्या हातातली बारीक काडी कडेनं भरणा करत राहते आणि उजव्या हातातलं टिपरू ठोका देतं. पालखीपुढची चाल वेगळी, पैलवान आखाड्यात उतरतानाची वेगळी, घाटात बैलगाडा सुटतानाची वेगळी. घरात बसलेल्या म्हातारीलाही आवाजावरून कळतं की वेशीजवळ काय चाललंय.

माझे आजोबा गावचे वाजंत्री. मातंग समाज, गावकीचं काम. त्यांना हलगीचे पैसे मिळत नसत. सुगीला खळ्यावरचं बलुतं आणि सणासुदीला भाकरी, एवढीच कमाई. ते वाजवत तेव्हा सगळं गाव नाचायचं आणि ते स्वतः मात्र देवळाच्या पायरीखाली उभे असत. बाबासाहेब आंबेडकरांनी गावकीची हलकी कामं सोडायला सांगितली, तेव्हा कितीतरी वस्त्यांनी मेलेली जनावरं ओढायचं बंद केलं आणि वाद्यंही खाली ठेवली. 1958 साली कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा झाला. माझ्या वडिलांनी हलगी आढ्याला टांगली ती कायमची. त्यांचं बरोबरच होतं. ज्या कलेला नकार देता येत नाही, तिला वेठबिगार म्हणतात.

मी ती हलगी खाली काढली, पण अटी घालून. सुपारी ठरवून येणार, आणि जेवण एकाच पंगतीत. एका गावात आमची ताटं वेगळी मांडलेली दिसली. आम्ही हलग्या पिशव्यांत घातल्या आणि गाडीत बसलो. त्या रात्री त्यांची पालखी वाजंत्र्यांशिवाय निघाली.

माझा पुतण्या नायजेरियात लागोसला कंपनीत कामाला आहे. तिथल्या एका लग्नातला व्हिडिओ त्यानं पाठवला आणि खाली लिहिलं, "काका, ह्यांचं वाद्य पाहुण्यांना नावानं हाक मारतंय." लग्न योरुबा लोकांचं होतं. नायजेरियाच्या नैर्ऋत्येला आणि शेजारच्या बेनिन, टोगोपर्यंत पसरलेला हा समाज, चार कोटींहून मोठा. गुलामांच्या व्यापारात यांची माणसं जहाजात कोंबून अटलांटिकपार नेली. त्यांच्या देवतांची पूजा आणि त्यांचे ढोल क्यूबा-ब्राझीलमध्ये आजही आहेत.

व्हिडिओतल्या वाद्याचं नाव दुंदुन. आकार मोठ्या डमरूसारखा, दोन्ही तोंडांना जोडणाऱ्या कातडी वाद्या उभ्या ताणलेल्या. वादक ते काखेत धरतो आणि वाकड्या काठीनं वाजवतो. काखेत दाबलं की वाद्या ताणतात, स्वर चढतो; सोडलं की उतरतो. योरुबा भाषेत उंच, मधला आणि खालचा असे तीन स्वर असतात आणि स्वर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो. दुंदुन हेच तीन स्वर काढतं, त्यामुळं ऐकणाऱ्याला त्यात वाक्यं कळतात. वादक पाहुण्याच्या कुळाची बिरुदावली वाजवतो. तिला ते ओरिकी म्हणतात. ढोल वाजवणाऱ्या घराण्यांतल्या मुलांची नावं 'अयान' या अक्षरांनी सुरू होतात, कारण अयान हा त्यांचा मूळ वादक, ढोलाचं दैवत. नावावरूनच घराणं समजतं.

मला हेवा वाटला तो या नावाचा. माझ्या आजोबांनी आयुष्यभर यात्रा वाजवल्या, पण एकाही पत्रिकेवर त्यांचं नाव छापलं गेलं नाही.

कवठ्याचे मोमीन आणि तमाशाची रात्र

शिरूर तालुक्यातलं कवठे येमाई हे देवीचं गाव. याच गावचे बशीर मोमीन. 1947 साली जन्मले, 2021 साली गेले, आणि मोमीन कवठेकर या नावानं तमाशाच्या दुनियेत ओळखले गेले. त्यांनी फडांसाठी गण, गवळणी, लावण्या आणि वगनाट्यं लिहिली. हुंडा, दारू, निरक्षरता या विषयांवर गावकऱ्यांना कळेल अशा भाषेत गाणी केली. मुसलमानाच्या घरात जन्मलेला माणूस गणपतीचा गण आणि कृष्णाची गवळण लिहितो आणि ती गावोगावच्या यात्रांत गायली जाते, यात आमच्याकडं कुणाला नवल वाटलं नाही. पेशवाईच्या अखेरचा शाहीर सगनभाऊसुद्धा मुसलमान शिकलगारच होता. मोमीन कवठेकरांना राज्य शासनाचा 2018 सालचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार मिळाला.

शहरात वाढलेल्या वाचकासाठी तमाशाची बांधणी सांगतो. पडदा उघडण्याआधी ढोलकी आणि हलगीची जुगलबंदी होते. तिच्यावरूनच लोक फडाची लायकी ठरवतात. मग गण, म्हणजे गणपतीचं नमन. त्यानंतर गवळण: मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, त्यांची म्होरकी मावशी, वाट अडवणारा कृष्ण आणि त्याचा बोबडा पेंद्या. मावशीचं काम पुरुषच करतो आणि सरपंचापासून आमदारापर्यंत सगळ्यांना तीच चिमटे काढते. पुढं बतावणी आणि शेवटी वग, म्हणजे रात्रभराचं नाटक.

फडांचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि वैशाखात संपतो. चैत्रातल्या यात्रांसाठी शेजारच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावला फडमालकांच्या राहुट्या पडतात. तमाशा कलावंत विठाबाईंचं नारायणगाव ते हेच. यात्रा कमिटीची चार माणसं जीप करून तिथं जातात, राहुटीत बसतात, चहा होतो, तारीख आणि रक्कम ठरते, इसार दिला जातो. मोठ्या फडाची सुपारी लाखाच्या वर जाते. ती रक्कम गावच्या वर्गणीतून उभी राहते. तिच्यावर नाचणाऱ्या, वाजवणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या, तंबू ठोकणाऱ्या आणि ट्रक चालवणाऱ्या माणसांचं वर्ष निघतं.

योरुबांचं फिरतं नाटकही असंच धर्मविधीतून निघून पोटापाण्याला लागलेलं आहे. पूर्वज मुखवटे घालून गावात येतात असा त्यांचा एगुंगुन नावाचा उत्सव आहे. त्यातूनच अलारिंजो या फिरत्या मंडळ्या निघाल्या. पुढं ह्युबर्ट ओगुंडे यांनी 1945 साली आपली व्यावसायिक नाटक कंपनी काढली आणि ती गावोगाव फिरवली. 1964 साली त्यांनी 'योरुबा रोनू' हे नाटक केलं. पुढाऱ्यांच्या भांडणावर त्यात इतकं स्पष्ट बोललं होतं की तिथल्या प्रांतिक सरकारनं त्यांच्या कंपनीवर बंदी घातली. ती 1966 साली उठली. आपल्याकडंही स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं अश्लीलतेचं कारण देऊन तमाशावर बंदी आणली होती. अण्णा भाऊ साठ्यांच्या लोकनाट्यांनाही सरकारी बंदीला तोंड द्यावं लागलं. मावशी बोलायला लागली की कुणाला तरी झोंबतंच.

मुखवट्यांचा विषय मी शाळेत नेला. योरुबांचा गेलेदे नावाचा उत्सव आहे. आया आणि म्हाताऱ्या बायकांच्या शक्तीला मान देण्यासाठी तो करतात. नाचतात पुरुष, पण मुखवटे असतात बायकांचे. मुखवट्याच्या डोक्यावर लाकडात कोरलेला सगळा देखावा असतो: साप, बाजारात बसलेल्या बायका, मोटारसायकलसुद्धा. गेलेदेला 2001 साली युनेस्कोची मान्यता मिळाली. आठवीच्या पोरांना मी चित्रं दाखवली आणि कागदाच्या लगद्याचे मुखवटे करायला सांगितलं. डोक्यावर तुमच्या गावातलं काहीही ठेवा, म्हटलं. कुणी बैलगाडा ठेवला, कुणी उसाची मोळी. एका मुलीनं आईच्या चेहऱ्यावर पाण्याच्या टँकरची रांग उभी केली. मार्चमध्ये आमच्याकडं काय असतं, ते त्या मुखवट्यानं बरोबर सांगितलं.

चौफुल्याची बारी

पुणे-सोलापूर रस्त्यानं यवत सोडून पुढं गेलं की दौंड तालुक्यातलं चौफुला लागतं. इथली कलाकेंद्रं संगीत बारीसाठी नावाजलेली. फडाचा तमाशा आणि संगीत बारी यांत लोक गल्लत करतात. फड गावोगाव फिरतो, त्यात नाटक असतं. संगीत बारी थिएटरात मुक्काम करून राहते, तिचा जीव लावणी. एका थिएटरात अनेक पार्ट्या असतात आणि प्रत्येक पार्टीला रंगमंचावर आपली बारी, म्हणजे पाळी, मिळते. पार्टी बहुतेक वेळा बाईच्या नावानं चालते आणि साजिंद्यांचा पगार तीच देते. ढोलकी, तबला, पेटी आणि पायांत चाळ. दोन्ही पायांतल्या चाळांचं वजन काही किलो भरतं. ते बांधून तासभर नाचायचं आणि गाताना दम लागल्याचं कळू द्यायचं नाही, याला किती तालीम लागते ते जवळून बघितल्याशिवाय समजत नाही.

रंगमंचावरच्या बारीशिवाय बैठक असते. तिथं लावणी बसून, अदा करत गायली जाते. हात, डोळे आणि एकाच ओळीचे दहा अर्थ. वाईच्या यमुनाबाई या बैठकीच्या लावणीच्या मोठ्या कलावंत. त्यांना 2012 साली पद्मश्री मिळाली. रसिक खूश होऊन पैसे देतो, त्याला दौलतजादा म्हणतात. योरुबांच्या लग्नात नाचणाऱ्याच्या आणि ढोलवाल्याच्या कपाळावर नोटा चिकटवतात. पुतण्याच्या व्हिडिओत त्या पायाखाली पडलेल्या दिसल्या. नायजेरियात 2007 च्या मध्यवर्ती बँकेच्या कायद्यानं नोटा उधळणं हा गुन्हा ठरवलाय, तरी लग्नं चालूच आहेत.

पैसा द्यावा, त्याशिवाय कला चालत नाही. मात्र तो देताना नजर कुठं असते, यावर बरंच ठरतं. चौफुल्याला जाणारे पुष्कळ जण घरी सांगत नाहीत. त्या बायकांच्या मुलांना शाळेत नाव लिहिताना आईचा धंदा सांगायला लाज वाटावी, अशी हवा आपणच करून ठेवली आहे. ढोलकीच्या तालावर भुललेल्या समाजानं नाचणारीच्या पोराला वर्गात मागं बसवावं, हा दुटप्पीपणा मी शिक्षक म्हणून बघितलाय.

जिथं सुपारी नसते

सगळंच काही सुपारीवर चालत नाही. आषाढीला तुकोबांची पालखी दौंड तालुक्यातून जाते. यवतच्या मुक्कामी वारकऱ्यांना पिठलं-भाकरी असते आणि तिच्यासाठी गावातल्या घराघरांतून भाकऱ्या येतात. पुढं वरवंड आणि मग रोटी घाट. दिंडीत वीणेकरी एक, पखवाजी एक-दोन, टाळकरी मात्र कितीही. ज्याच्या हातात टाळ, तो कलावंत. तिथं कुणी बघ्या नाही, म्हणून मानधनाचा प्रश्न येत नाही.

धनगरांच्या गजी नृत्याचंही तसंच. मोठा ढोल मध्ये, भोवती रिंगण, हातात रंगीत रुमाल, अंगात पांढरा अंगरखा. ढोलाची चाल बदलली की सगळं रिंगण एकदम वळतं. म्हातारा आणि त्याचा नातू एकाच रिंगणात असतात; नातू शिकतो तो तिथंच, आजोबांच्या पायांकडं बघत.

ओसोग्बो या योरुबांच्या शहरातही तसंच. दर ऑगस्टमध्ये तिथं ओसुन या नदीच्या देवीचा उत्सव भरतो. राजवाड्यापासून नदीकाठच्या देवराईपर्यंत एक कुमारिका डोक्यावर पूजेचं साहित्य घेऊन चालते आणि मागं अख्खं शहर. ही सुमारे 75 हेक्टरांची देवराई मोडकळीला आली होती. ऑस्ट्रियातून आलेल्या सुझान वेंगर या चित्रकर्तीनं तिथले गवंडी, सुतार, लोहार हाताशी धरून देवळं आणि मूर्ती नव्यानं उभ्या केल्या. 2005 साली ती जागतिक वारसा ठरली. चित्रकला शिक्षक म्हणून मला यातलं गवंड्यांचं काम महत्त्वाचं वाटतं. घरं बांधणाऱ्या हातांनी मूर्ती घडवल्या आणि त्या आज जग बघायला येतं. आपल्याकडंही भादवी पोळ्याला बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावणारा आणि बेगड चिकटवणारा हात कुणा ना कुणा शेतकऱ्याचाच असतो. त्याला कुणी चित्रकार म्हणत नाही, इतकंच.

आता काय होतंय

अलीकडं पत्रिकेवर तमाशाच्या जागी ऑर्केस्ट्रा आणि छबिन्यात हलगीच्या जागी डीजे दिसतो. त्याला कारणं आहेत. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सवलतीचे मोजके दिवस सोडले तर रात्रभराचा वग कायद्यात बसत नाही. फड गवळणीनंतर गाणी उरकतो, वग तासाभरात आटपतो. प्रेक्षकही मोबाइल वर धरून फक्त गाण्यांना थांबतो. कोरोनात यात्रा बंद राहिल्या, तेव्हा कितीतरी कलावंत मजुरीला गेले आणि त्यातले काही परतलेच नाहीत. तरुण पोरांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी चांगला वग बघितलेलाच नाही, तर मागणार कुठून?

त्यात एक गंमत आहे. बैलगाडा शर्यती 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं बंद केल्या, तेव्हा आमच्या भागातली माणसं सात-आठ वर्षं आंदोलनं, निवेदनं, वकील यांत गुंतली. 2021 च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, 2023 च्या मे महिन्यात शर्यतींना मुभा देणारा कायदा न्यायालयात कायम झाला. गावाला एखादी गोष्ट आपली वाटली की गाव तिच्यासाठी किती झटतं, हे आम्ही बघितलंय. तेवढी धडपड वगासाठी आणि हलगीसाठी अजून कुणी केलेली नाही.

म्हणून यात्रा कमिट्यांना माझी विनंती आहे. वर्गणीचा हिशोब मांडताना हलगी-वाजंत्र्यांची रक्कम आधी काढा आणि ती त्याच रात्री हातात द्या. पत्रिकेवर देणगीदारांच्या खाली ढोलकीवाला, हलगीवाला, सोंगाड्या यांची नावं छापा. कागद तेवढा मोठा असतो. तमाशा संध्याकाळी सात वाजता सुरू करा, म्हणजे दहाच्या आत गण, गवळण आणि आटोपशीर वग बसतो. बायका बसतील अशी जागा ठेवा. दुसऱ्या दिवशीच्या हजेरीला शाळेची पोरं आणा, मी माझी आणतो. आणि जेवायला सगळ्यांना एकाच पंगतीत बसवा. तुमच्या गावची बैठक माघ-फाल्गुनात कधीतरी होईलच. तेव्हा हा विषय कुणी काढणार नाही, असं समजून तो तुम्हीच काढा.